साक्ष द्यायला उभं राहायचं, पण सांगायचं काय?

गोदाकाठ | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

मंडळीतल्यांना जय ख्रिस्त, बाकी सगळ्यांना नमस्कार.

काल पाळकसाहेबांचा फोन आला. ३१ तारखेच्या रात्रीच्या उपासनेत दोन साक्षी ठेवल्यात, एक तुम्ही द्यायची. फोनवर नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही, त्यामुळे हो म्हणून बसले. मागोमाग सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर साचा पाठवला. प्रभूला ओळखण्याआधी मी कशी होते, प्रभू कसा भेटला, आता मी कशी आहे. वेळ पाच मिनिटं.

पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. मी चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. तीन महिन्यांची असताना बाप्तिस्मा, मग संडे स्कूल, दृढीकरण, तरुण संघ, लग्न, सगळं त्याच बाकांवर. 'आधी' असं काही नाहीच. गेल्या वर्षी ज्यांनी साक्ष दिली ते भाऊ दारूतून सुटलेले, अख्खी मंडळी डोळे पुसत होती. त्यांच्यानंतर मी उठून काय सांगू, की मी शब्बाथशाळेत पाठांतराला दुसरी आले होते?

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी : साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. आमच्याकडे प्रार्थनासभेत, उपवास प्रार्थनेला, वर्षाच्या शेवटच्या रात्री हे चालतं.

माझ्या डोक्यात साक्ष म्हटलं की आत्या येते. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, पत्र्याचं छोटं देऊळ (हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो), गॅसबत्ती, आणि थंडीनं गोधड्या घेऊन बसलेली माणसं. पाळकांनी "कुणाला साक्ष द्यायची आहे का" म्हटलं की आत्या पहिली उठायची. डोक्यावर पदर, एक हात पुढच्या बाकावर. दरवर्षी तीच साक्ष : "बहात्तर साली खडी फोडली, मिलो खाल्ली, पण एक पोर दगावलं नाही. त्याची स्तुती असो." आणि खाली बसायची. संपलं. आम्ही पोरं मागच्या बाकावर तिच्याबरोबर ओठ हलवायचो आणि हसायचो.

पाळकसाहेबांचं म्हणणं, तुम्ही पप्पांची दोन वर्षं सेवा केलीत, त्यावरच बोला. पप्पा ऑगस्टमध्ये गेले. पण त्यावर बोलायचं तर बरंच काही बोलावं लागेल आणि ते साच्यात बसणार नाही.

तुम्ही कधी साक्ष दिली आहे का? ऐकून काही झालं आहे का? की हे सगळं आता नुसतं रीतीपुरतं उरलंय?

---

खडीसाखर | १४ डिसेंबर, रात्री ११:०५

आत्याची साक्ष भारी. तीन वाक्यांत अख्खा दुष्काळ.

---

मातीची_चूल | १४ डिसेंबर, रात्री ११:३२

मिलो! माझी आई अजून नाव काढलं की तोंड वाकडं करते. लाल ज्वारी, भाकरी थापताना तुटायची म्हणे. आणि पोरांना सुकडी. (विषयांतराबद्दल माफी.)

---

निवृत्त_पाळक | १५ डिसेंबर, सकाळी ६:१०

ताई, जय ख्रिस्त. एकेचाळीस वर्षं पाळकी केली, साक्षी हजारांनी ऐकल्या. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तो तीन प्रश्नांचा साचा बायबलात मला कुठं दिसलेला नाही. योहानाच्या ९ व्या अध्यायातला जन्मांध माणूस बघा. परूशी (तेव्हाचे कडवे धर्मपुढारी) त्याला दोनदा बोलावून घेतात, उलटतपासणी करतात, येशू पापी आहे हे कबूल कर म्हणतात. तो म्हणतो, तो पापी आहे का ते मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक की मी आंधळा होतो, आता दिसतं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून मोकळा झाला, म्हणून तर जे माहीत होतं त्याला वजन आलं.

मार्कच्या ५ व्या अध्यायातला भूतबाधा झालेला माणूस बरा झाल्यावर येशूच्या मागे यायला निघतो. येशू त्याला नेत नाही. घरी जा म्हणतो, तुझ्या माणसांकडे, त्यांना सांग. ज्यांनी त्याला साखळदंडानं बांधलं होतं त्यांनाच. परक्या गावात साक्ष देणं सोपं असतं, तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही.

आता पौलाकडे या. दमिष्काच्या वाटेवर येशू भेटल्याची हकीकत तो प्रेषितांच्या कृत्यांत स्वतःच्या तोंडानं दोनदा सांगतो. २२ व्या अध्यायात यरुशलेमेत, चिडलेल्या जमावापुढे, त्यांच्याच भाषेत. तिथं गमलिएल गुरूच्या पायाशी शिकल्याचं सांगतो, ज्याच्या हातून दृष्टी परत आली त्या हनन्याचं नाव घेतो. २६ व्या अध्यायात अग्रिप्पा राजापुढे तीच घटना, पण हनन्या गायब, आणि पराणीवर (बैल टोचायच्या काठीवर) लाथ मारण्याची म्हण आली. खोटं कुठलंच नाही. समोर कोण बसलंय ते पाहून तो बोलतोय.

म्हणून माझा सल्ला : साचा बाजूला ठेवा. ३१ ला समोर कोण बसणार आहे ते डोळ्यांपुढे आणा.

आणि हो, जमलं तर चार मिनिटांत आटपा. शंभरातल्या नव्वद साक्षी पापाच्या वर्णनात अडकतात आणि प्रभू शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाईघाईनं येतो.

---

शंकासुर | १५ डिसेंबर, सकाळी ९:४८

मी देव मानत नाही, तरी धागा वाचला. प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग नसावा.

ज्याच्या बाबतीत काही घडलं तोच माइक घेतो. ज्यानं तितकीच प्रार्थना केली आणि काहीच घडलं नाही, तो घरी बसतो. मग सभेत बसलेल्याला वाटतं की प्रार्थना केली की घडतंच. हे लॉटरी लागलेल्यांचीच मुलाखत घेण्यासारखं झालं. हे सगळ्याच धर्मांत आहे, नवस फेडणाऱ्यांची रांग दिसते, न फळलेल्या नवसांची दिसत नाही.

---

वॉर्ड_नंबर_सात | १५ डिसेंबर, दुपारी २:२०

शंकासुर, मी ख्रिस्ती आहे, नर्स आहे, आणि तुमच्याशी निम्मी सहमत आहे.

आमच्या वॉर्डला एक काकू आल्या होत्या. साखर पाचशेच्या वर, पाय काळा पडत चाललेला. कुठल्याशा सभेत एकीची साक्ष ऐकली की "मी इन्सुलिन सोडलं आणि प्रभूनं बरं केलं", म्हणून यांनीही सोडलं. पायाची दोन बोटं गेली. साक्ष देणारीला हे कधी कळलंही नसेल. ती तिच्या गावी आनंदात असेल.

तेव्हापासून आमच्या महिला मंडळात मी हट्टानं एक पद्धत पाडली. बरं होण्याची साक्ष द्यायची असेल तर कुठल्या डॉक्टरचं औषध चालू आहे तेही त्याच दमात सांगायचं. आधी कुरकुर झाली, "सिस्टर विश्वासात कच्च्या आहेत" असंही कानावर आलं. आता सवय झाली. परवा एक आजी म्हणाल्या, "प्रभूच्या कृपेनं आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळीनं." सगळे हसले, पण बरोबर बोलल्या.

---

जुनी_पानं | १५ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

साक्ष या प्रकारानं मराठी गद्याला काय दिलंय तेही इथं यायला हवं.

बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, बेळगावात. आपल्या धर्मांतराची हकीकत त्यांनी 'अरुणोदय' मध्ये लिहिली, १८८८ साली. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत ती मोजतात. म्हणजे मराठी माणूस 'मी' म्हणून स्वतःच्या मनाचा हिशेब छापायला लागला त्यात साक्षीचा मोठा हात आहे.

पंडिता रमाबाईंचं तर आणखी वेगळं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पुढं १९०७ मध्ये, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिल्यावर, त्यांनी आपली साक्ष लिहिली आणि तीत सरळ कबूल केलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो आठेक वर्षांनी सापडला. सगळं जग जिला धर्मांतराचं उदाहरण म्हणून दाखवत होतं ती बाई म्हणतेय की तेव्हा माझं अर्धंच झालं होतं! एवढं बोलायला छाती लागते.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायणरावांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. लक्ष्मीबाईंना ते सहन झालं नाही, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा बराच नंतरचा. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुढं छापून आली. त्यात अंधार-उजेड असला काही प्रकार नाही. सोवळं सुटताना झालेली स्वतःची फजिती आहे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा आहे, उधारी आहे, हसू आहे. बाई आपल्या जुन्या घरावर कुठं थुंकत नाहीत. मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात मोठी साक्ष तीच, आणि ती साक्ष आहे हे वाचताना लक्षातसुद्धा येत नाही.

---

गोदाकाठ | १५ डिसेंबर, रात्री १०:०२

पाळककाका, नव्वद टक्क्यांचं वाचून हसू आलं, खरं आहे.

शंकासुर, राग कशाला येईल. तुम्ही जे म्हणताय तेच मला टोचतंय. पप्पांसाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि ते बरे झाले नाहीत. मग माझी साक्ष ती कशाची?

---

नांगरट | १६ डिसेंबर, सकाळी ८:३०

जुनी_पानं, तुम्ही मोठ्यांची नावं घेतलीत, चांगलंय. पण नगर जिल्ह्यातली निम्मी मंडळी टिळकांच्या घरातली नाही, महारवाड्या-मांगवाड्यांतली आहे. आमच्या साक्षींचं काय?

लहानपणापासून ऐकतोय : "आमचे पूर्वज अंधारात होते." माझा खापरपणजा वेसकर होता. रात्रभर गावची राखण करायचा, मेलेली ढोरं ओढायचा, आणि गाव त्याला पाणवठ्यावर येऊ देत नव्हतं. अंधार त्याच्यात होता की गावात? मिशनच्या शाळेत पोरगं बाकावर बसलं, पाटीवर नाव लिहिलं, ही आमच्या घरातली पहिली साक्ष. ती सांगा ना. उगाच म्हाताऱ्याला अंधारात कशाला ढकलता?

दुसरं, उघड साक्ष देण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं. माझा एक चुलतभाऊ तरुण संघात गिटार वाजवायचा. नोकरी लागल्यापासून शेवटच्या बाकावर बसतो आणि फोटो काढायला लागले की बाहेर जातो. त्याला कुणी "ख्रिस्ताची लाज वाटते का" म्हणून टोमणा मारला होता. मारणाऱ्याचं स्वतःचं आडनाव वरच्या जातीचं. पुढं लिहीत नाही.

---

जुनी_पानं | १६ डिसेंबर, सकाळी ९:११

नांगरट, मान्य. माझ्या यादीतच ती खोट आहे.

---

टाळकरी | १६ डिसेंबर, दुपारी १२:४०

माळकरी आहे, वारी करतो. तुमच्या धाग्यात डोकावलो.

आमच्याकडे नवविधा भक्तीत शेवटची पायरी आत्मनिवेदन. आणि तुकोबांचा तो अभंग आठवा, ज्यात ते आपली जात, धंदा, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं, सगळं सांगतात. सुरुवातीलाच म्हणतात, हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून वचन पाळतो. मला तर हा साक्षीचा कायदाच वाटतो. आपण होऊन मिरवायचं नाही. विचारलं तर लपवायचं नाही. बहिणाबाईंनी (शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या) तर अख्खं आयुष्य अभंगांत सांगितलंय, नवऱ्याच्या मारासकट.

ताई, तुम्हाला विचारलंय. मग झालं की.

---

निवृत्त_पाळक | १६ डिसेंबर, दुपारी १:०५

माउली, नारायणराव टिळक स्वतःच म्हणून गेलेत की मी तुकारामानं बांधलेल्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. तुम्ही तो पूल परत दाखवलात. आभार.

---

बावखल | १६ डिसेंबर, रात्री ९:२५

आमच्या वसईत हा प्रकारच वेगळा. कॅथलिक माणूस आपलं आतलं फादरांना सांगतो, जाळीच्या पलीकडे, कानात. मिस्सात (आमच्या उपासनेत) उठून साक्ष द्यायची पद्धत नाही. करिस्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) प्रार्थनासभा सुरू झाल्यावर आणि लोक केरळातल्या रिट्रीटला जायला लागल्यावर ते आलं. माझी आजी पहिल्यांदा ऐकून आली आणि म्हणाली, "तो बाबा घरातलं सगळं माइकवर बोलला. फादर काय बहिरे आहेत?"

मला दोन्ही पटतं. काही गोष्टी कानातच सांगायच्या असतात.

---

एक_दिवस | १६ डिसेंबर, रात्री ११:५०

पिणं सोडून अकरा वर्षं झाली. देवळातही जातो, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगलाही जातो. म्हणून दोन्हीतला फरक सांगतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं, ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या कुशीत. एकमेकांना आपली हकीकत सांगायची पद्धत तिथूनच आली. म्हणजे आमचं शेअरिंग हे साक्षीचंच लेकरू. पण मीटिंगमध्ये मी बोललो तर टाळ्यांसाठी बोलत नाही. समोर काल रात्री प्यायलेला माणूस बसलेला असतो, हात थरथरत असतात, चहाचा कप धरता येत नाही. त्याला माझ्या अकरा वर्षांचं काही नसतं. त्याला पहिले तीन दिवस कसे काढले ते हवं असतं. मी ते सांगतो. लिंबूपाणी, साखर, रात्रीचा घाम, भावाला दाराशी झोपायला सांगितलं होतं ते.

देवळात पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा मी बायकोला मारायचो ते सांगितलं. लोक रडले, मिठ्या मारल्या, "काय धाडस" म्हणाले. घरी आल्यावर ती म्हणाली, "मार माझ्या अंगावर, आणि साक्ष तुझी?" दोन दिवस बोलली नाही. तिला मंडळीत आता सगळे एका नजरेनं बघत होते. मी तिची गोष्ट न विचारता वाटून आलो होतो.

आता बोलायच्या आधी तिला वाचून दाखवतो. ती काट मारते. बरंच काटते.

---

नाव_नको | १७ डिसेंबर, पहाटे १:३५

जागीच आहे म्हणून लिहिते. हा आयडी यासाठीच काढलाय.

चार वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत मी माझ्या डिप्रेशनबद्दल बोलले. वीसेक बायका होत्या, सगळ्या ओळखीच्या. एकीनं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "आशीर्वादित होईल" म्हणून ग्रुपवर टाकलं. तिथून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून गावी. जमत आलेलं लग्न मोडलं. कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण मुलाच्या काकूनं आईला विचारलं होतं, "ती अजून गोळ्या घेते का?"

मी बोलले याचा पस्तावा नाही. त्या दिवशी एक मुलगी नंतर माझा हात धरून बसली होती, ती आजही मैत्रीण आहे. पण ताई, माइकसमोर कोण मोबाइल धरून उभं आहे ते बघा.

---

निवृत्त_पाळक | १७ डिसेंबर, सकाळी ५:५०

बेटा, तुमची पोस्ट वाचून प्रार्थनेला बसलो, मग उत्तर लिहितोय.

येशूनं कुष्ठरोगी बरा केला तेव्हा त्याला बजावलं, कुणाला सांगू नकोस, फक्त याजकाला जाऊन दाखव. याईराची मेलेली मुलगी उठली तेव्हाही घरच्यांना तेच सांगितलं, आणि तिला खायला द्या म्हणाला. सगळीकडे सांगा म्हणणाऱ्या वचनांवर आम्ही पाळकांनी खूप उपदेश केले. सांगू नका म्हणणाऱ्यांवर फार कमी. त्यात मीही आलो.

---

संपादक | १७ डिसेंबर, सकाळी १०:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतर योग्य की अयोग्य यासाठी वेगळा धागा काढावा. इथं कुणी आपल्या घरातलं सांगतंय, तेवढं भान असू द्या.

---

पायरीवर | १७ डिसेंबर, रात्री ८:४५

आमचा मुलगा रक्ताच्या कॅन्सरनं गेला, सहा वर्षांचा होता. त्याच वॉर्डातला दुसरा मुलगा वाचला, देवाच्या कृपेनं आज दहावीला आहे. त्याचे आईवडील आमच्याच मंडळीतले. ते दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला साक्ष देतात, "आम्ही विश्वास सोडला नाही."

चांगली माणसं आहेत. आमचा मुलगा गेला तेव्हा रात्रभर आमच्या घरी होती. पण त्या वाक्याला माझी बायको उठून बाहेर जाते आणि पायरीवर बसते. मीही जातो आता. आम्ही कुठं सोडला होता?

---

गोदाकाठ | १७ डिसेंबर, रात्री ११:२०

दादा, काय लिहू. तुमची पोस्ट तीनदा वाचली. पहिल्या पोस्टमध्ये आत्याचं अर्धंच सांगितलं होतं, ते पुरं करते.

मी नववीत असताना आत्याचा मोठा मुलगा विहिरीवर शॉक लागून गेला. नोव्हेंबरात. बहात्तर साली न दगावलेल्या पोरांतला तो थोरला. त्या वर्षी ३१ च्या रात्री सगळ्यांना वाटलं, ती येणार नाही. आली. पाळकांनी साक्षीचं विचारलं आणि सगळं देऊळ गप्प. ती उठली. हात पुढच्या बाकावर. आम्ही पोरं मागं बसलो होतो पण कुणी ओठ हलवले नाहीत. बराच वेळ ती नुसती उभी. मग म्हणाली, "यंदा मला काही सांगायचं नाही. पण मी आले." आणि बसली.

पुढल्या वर्षीही काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी परत बहात्तर सालावर आली, पण शेवटचं "एक पोर दगावलं नाही" ते गाळून. "खडी फोडली, मिलो खाल्ली. त्याची स्तुती असो." मरेपर्यंत मग तेवढंच.

आता माझं. पाळकसाहेबांना वाटतं मी दोन वर्षं प्रार्थनेच्या बळावर पप्पांची सेवा केली. खरं असं की मला त्या दोन वर्षांत प्रार्थना आलीच नाही. डोळे मिटले की औषधांची यादी यायची. पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. "अरे" आणि "नको" एवढे दोनच शब्द उरले. आयुष्यभर शाळामास्तर असलेला माणूस! सुरुवातीला आम्ही पाटीवर अक्षरं काढून दाखवायचो, ते पाटी ढकलून द्यायचे.

मंगळवारी महिला मंडळाच्या तिघीचौघी यायच्या. मी त्यांना बघून चहा टाकायच्या निमित्तानं आत जायचे, कारण त्या प्रार्थना करणार आणि मला रडायचं नव्हतं. अशाच एका मंगळवारी त्यांनी गीत सुरू केलं, जुनं, उपासना संगीतातलं. मी ओट्याशी, आलं किसत. आणि बाहेरून पप्पांचा आवाज. शब्दांसकट. पहिलं कडवं अख्खं, दुसऱ्यातलं निम्मं. मी किसणी हातात घेऊनच बाहेर आले. ते छताकडे बघत गात होते. गीत संपल्यावर मी म्हटलं, "पप्पा, अजून म्हणा," तर म्हणाले, "अरे."

वाचाउपचारवाल्या ताईंनी नंतर समजावलं की बोलणं बहुतेकांचं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाण्यात उजवीचाही हात असतो, त्यामुळे बोलणं गेलेली माणसं कधीकधी गातात. म्हणजे चमत्कार नाही, शंकासुर, आधीच सांगून टाकते. पण त्यानंतर दीड वर्ष रोज रात्री आम्ही दोघं गायचो. मला प्रार्थना येत नव्हती, ते माझ्या वाटची म्हणायचे, असं मला वाटायचं.

हे सांगू का? "मला दोन वर्षं प्रार्थना आली नाही" हे ३१ च्या रात्री माइकवर?

---

खडीसाखर | १७ डिसेंबर, रात्री ११:२८

सांगा.

---

पायरीवर | १७ डिसेंबर, रात्री ११:४१

सांगा ताई. हे ऐकायला आम्ही आत बसू.

---

शंकासुर | १८ डिसेंबर, सकाळी ७:५५

मी पुरावा मागत होतो, तुम्ही तो मागे ठेवून बोललात. मला यावर वाद घालायला काही उरलं नाही. पप्पा कुठला विषय शिकवायचे?

---

गोदाकाठ | १८ डिसेंबर, सकाळी ८:२०

भूगोल. आणि पीटीचे सर नसले की पीटी.

---

एक_दिवस | १८ डिसेंबर, दुपारी १:१५

घरच्यांना वाचून दाखवा आधी. भाऊ-बहीण असतील तर नक्की. पप्पा त्यांचेही.

---

गोदाकाठ | २ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. झालं ते सांगते.

भावाला वाचून दाखवलं. तो दुबईला असतो, दोन वर्षांत एकदाच येऊ शकला होता. त्यानं एकच वाक्य काढायला लावलं, "मी एकटीनं केलं" हे. बरोबर होतं त्याचं, दर महिन्याचे पैसे त्याचे होते.

उपासनेआधी पाळकसाहेबांना सांगितलं की कुणी रेकॉर्ड करू नये अशी घोषणा करा. त्यांनी केली. (नाव_नको, हे तुमच्यामुळे.) चार मिनिटं बोलले. माइक मधूनमधून खरखरत होता, प्रार्थना न आल्याचं वाक्य नेमकं त्या खरखरीत गेलं, म्हणून परत म्हणावं लागलं. दोनदा. वाचाउपचाराचंही सांगितलं, सिस्टरांची पद्धत. कुणी फार रडलं वगैरे नाही. सेक्रेटरींचा चेहरा जरा पडला होता, त्यांना शेवटी काहीतरी विजयाचं हवं असावं.

बाहेर चहाकेकच्या वेळी एक गृहस्थ आले. दर रविवारी मागे बसतात, नाव मला माहीत नव्हतं. म्हणाले, "आई पडून आहे सात महिने. मलाही येत नाही, ते तुम्ही म्हणालात ते." मग जरा थांबून, "पाठीला जखमा झाल्यात. तुम्ही वडिलांना काय वापरत होतात?"

आमच्याकडे पप्पांची हवेची गादी होती, पंपावर चालणारी, फुगे आळीपाळीनं भरतात ती. ऑगस्टपासून कपाटामागे उभी होती, द्यायचं मन होत नव्हतं. काल दुपारी ते स्कूटरवर येऊन घेऊन गेले. गादी मांडायची कशी ते दाखवायला उद्या जाणार आहे, मंगळवारवाल्यांपैकी एक काकू पण येतायत.

---

वॉर्ड_नंबर_सात | २ जानेवारी, रात्री ९:५२

चार महिने उभी होती ना, मग नळ्या नीट तपासा. उंदीर कुरतडतात. पंप चालू करून अर्धा तास आधी नुसता ठेवा, हवा गळते का कळेल. आणि गादीवर एकच पातळ चादर घाला, गोधडी घातली तर काही उपयोग नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची ती बदलायचीच.

---

गोदाकाठ | २ जानेवारी, रात्री १०:०५

एक नळी खरंच गेलीय, मी चिकटपट्टी लावली होती. कुठं मिळेल?

---

वॉर्ड_नंबर_सात | २ जानेवारी, रात्री १०:०९

सर्जिकल सामानाच्या कुठल्याही दुकानात. जुना तुकडा कापून बरोबर न्या, मापाला लागतो.